वेळेवरची कामे संगणकाकडे सोपविताना

व्यापारी बंधूंनो, रात्री दुकान वाढवताना गल्ला मोजणे, रोजमेळ मिळवणे आणि उधारीची वही कुलपात ठेवणे, यांत आपण कधी नागा पडू देत नाही. वही संगणकात गेली. तिची रोज बॅकअप प्रत काढणे म्हणजेच तिला कुलपात ठेवणे. इथे मात्र गफलत होते.

भोकरच्या आमच्या कापड दुकानात विंडोजच्या 'टास्क शेड्युलर'मध्ये रोज रात्री साडेनऊला पेन ड्राइव्हवर प्रत काढण्याचे काम लावून घेतले आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे हार्ड डिस्क बसली. पाहतो तो शेवटची प्रत अडीच महिन्यांपूर्वीची! ईदच्या सीझनमध्ये दुकान अकरापर्यंत उघडे होते, तोवर काम बिनचूक चालले. सीझन सरला, दुकान नऊला वाढू लागले, आणि साडेनऊला यंत्र बंदच. अडीच महिन्यांची उधारी बिलबुकाच्या कार्बन प्रतींवरून व गिऱ्हाइकांच्या तोंडून पुन्हा लिहिली. तकाजा कोणत्या तोंडाने करणार? काही रक्कम आली, काही बुडाली.

यंत्राचा यात दोष नाही. वेळ चुकल्यास यंत्र सुरू होताच काम उरकावे, अशी खूण त्याच्या 'सेटिंग्ज'मध्ये असते, पण ती आपण लावावी लागते. उलट 'कंडिशन्स'मध्ये लॅपटॉप विजेवर असेल तरच काम करावे, ही खूण आधीच लावलेली असते. वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, की प्रत निघत नाही. आपल्या भागात ती खूण काढलेलीच बरी.

ही सोय जुनीच आहे. बेल लॅब्सच्या १९७९ सालच्या युनिक्समध्ये 'क्रॉन' हा प्रोग्रॅम मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशा पाच रकान्यांवरून ठरलेली कामे करीत असे. सर्व्हरवर तो आजही चालतो.

तारखा नेमतानाही जपावे. महिनाअखेरची उधारीची यादी ३१ तारखेला लावली, तर ती वर्षात सातच वेळा निघेल. त्याऐवजी 'महिन्याचा शेवटचा दिवस' निवडावा. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ साठी ११ आणि ३बी साठी २० तारीख असते. आठवण चार दिवस आधीची लावावी. सुरतेला ईदचा माल सांगण्याची आठवण मात्र 'दरवर्षी' म्हणून लावू नये. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. आपल्याकडे रमजान ईद २०२३ मध्ये २२ एप्रिलला, २०२४ मध्ये ११ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३१ मार्चला झाली. जुन्या तारखेवर बसलो तर माल ईदनंतर उतरेल. ही एक तारीख दर साली हातानेच बदलावी लागते.

आमची प्रत आता संध्याकाळी साडेसातला निघते. त्या वेळी काउंटरवर गर्दी असते आणि यंत्र चालू असते. शिवाय दर गुरुवारी आम्ही पेन ड्राइव्ह दुसऱ्या यंत्रात लावून एखाद्या गिऱ्हाइकाचे खाते उघडून पाहतो.