संगणकाच्या बिघाडाचे मूळ

दाखल्यासाठी ग्रामस्थ ताटकळत असतात आणि ग्रामपंचायतीतील संगणक सुरूच होत नाही. अशा वेळी दोष संगणकाचाच असतो असे नाही. तो जोडलेल्या उपकरणाचाही असू शकतो. यूएसबी २.० जोडणीतून ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. पेन ड्राइव्ह वा अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र सदोष असल्यास, किंवा खाचेतील पिना वाकून एकमेकींस टेकल्यास, संरक्षक व्यवस्था वीजपुरवठा तोडते. म्हणून प्रथम मुख्य बटण बंद करून सर्व उपकरणे काढावीत, खाचा तपासाव्यात आणि संगणक सुरू करावा. तो चालल्यास एकेक उपकरण पुन्हा जोडावे. ज्याच्या जोडणीने बिघाड परततो, ते बाजूस ठेवावे. एकही उपकरण नसताना संगणक बंदच राहिला, तरच तंत्रज्ञास पाचारण करावे. यामुळे खर्च वाचेल आणि ग्रामस्थांचा हेलपाटाही टळेल.