फेकसुरी

हाताने फेकून काही अंतरावरील लक्ष्यात टोकाने रुतविण्यासाठी मुद्दाम घडविलेली सुरी. सामान्य सुरीत धारेला महत्त्व असते. फेकसुरीला धारेची गरज नसते. भक्कम टोक, योग्य तोल आणि वारंवार बसणारे आघात सोसण्याचा चिवटपणा हे तिचे प्रमुख गुण होत. ती आता मुख्यतः क्रीडा व रंजन यांसाठी वापरली जाते.

इतिहास : फेकून मारण्याच्या पात्यांची सर्वांत समृद्ध परंपरा मध्य आफ्रिकेत आढळते. तेथील लोहारांनी अनेक फाट्यांची लोखंडी अस्त्रे घडविली. चॅडच्या परिसरातील उत्तरेकडील प्रकार साधारणपणे रोमन ‘एफ’ अक्षरासारखे, तर काँगो खोऱ्याकडील दक्षिणेचे प्रकार पंखांसारख्या रुंद फाट्यांचे असतात. अनेक फाट्यांमुळे अस्त्र कसेही फिरत गेले, तरी कोणते तरी टोक लक्ष्याला लागण्याची शक्यता वाढते. झांडे लोकांचे ‘क्पिंगा’ हे अस्त्र विशेष प्रसिद्ध आहे. यांपैकी काही अस्त्रे प्रतिष्ठेचे चिन्ह, वधूमूल्य किंवा विनिमयाचे साधन म्हणूनही चालत. गेओर्ख श्वाइनफुर्ट या जर्मन प्रवाशाने आर्टेस आफ्रिकाने (१८७५) या ग्रंथात या प्रदेशातील हस्तव्यवसायांची चित्रे दिली. वसाहतकाळात अशी पुष्कळ अस्त्रे यूरोपीय संग्रहालयांत गेली.

जपानमध्ये ‘शुरिकेन’ या नावाची लहान फेकपाती वापरात होती. भारतात शिखांचे चक्र आणि तमिळनाडूतील ‘वलरी’ ही फेकण्याची अस्त्रे होत. मराठ्यांचा बिचवा व कट्यार ही मात्र हातघाईची शस्त्रे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सर्कशींतून सुरीफेक हा लोकप्रिय खेळ झाला. हॅरी मॅकेव्हॉय या अमेरिकन तज्ज्ञाच्या मार्गदर्शक पुस्तकाने (१९७३) हौशी लोकांत त्याचा प्रसार होण्यास मदत झाली. एकविसाव्या शतकात यूरोप व अमेरिकेत त्याच्या नियमित स्पर्धा भरतात.

रचना व घडण : नवशिक्याला सु. ३० सेंमी. लांब आणि २०० ते ३०० ग्रॅ. वजनाची सुरी सोयीची ठरते. फार हलकी सुरी हातातील लहानशा चुकीनेही भरकटते. गुरुत्वमध्य लांबीच्या मध्याजवळ असल्यास सुरी मुठीकडून व पात्याकडून सारख्याच सुलभतेने फेकता येते. पाते व मूठ एकाच पट्टीची असावी. लाकडी मूठ आघाताने लवकर फुटते.

घडणीसाठी ५ ते ६ मिमी. जाडीची पोलादी पट्टी घेतात. मृदू पोलादाची सुरी वाकते, पण पुन्हा सरळ करता येते. सु. ०·५ ते ०·६ टक्के कार्बन असलेले स्प्रिंगचे पोलाद अधिक टिकाऊ असते. मोटारगाडीचे जुने कमानपाटे यासाठी वापरता येतात. परंतु दीर्घ वापराने त्यांत सूक्ष्म भेगा पडलेल्या असू शकतात, म्हणून ते तपासून घ्यावे लागतात. पाटा लाल तापवून राखेत सावकाश निवू दिला म्हणजे मऊ होतो. मग आकार आखून तो करवतीने कापतात व कानशीने घासतात. टोकाचा कोन फार अरुंद ठेवत नाहीत, कारण निमुळते टोक प्रथम वाकते किंवा तुटते. इतर सर्व कडा गोलसर करतात.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा पाणी देण्याचा होय. पोलाद सु. ८३० ते ८५० से. पर्यंत तापवून तेलात बुडवितात. सु. ७७० से. च्या वर त्याला लोहचुंबक चिकटत नाही. त्याहून थोडे अधिक तापविणे ही कारागिराची सोपी खूण आहे. या अवस्थेत पाते अतिशय कठीण पण काचेसारखे ठिसूळ असते. म्हणून घासून उजळ केलेले पाते पुन्हा सावकाश तापवितात. त्यावर प्रथम पिवळी, मग तपकिरी, जांभळी व सु. ३०० से. ला निळी छटा येते. कापण्याच्या सुरीसाठी पिवळी छटा पुरते. फेकसुरी मात्र निळ्या छटेपर्यंत किंवा त्याहूनही अधिक तापवावी लागते. हा टप्पा वगळल्यास पाते आघाताने फुटून त्याचे तुकडे फेकणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतात.

उड्डाण : हातातून सुटलेली सुरी पुढे जाताना आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरते. मनगट ताठ ठेवल्यास सुरीची पुढे जाण्याची गती व फिरण्याची गती या दोन्ही हाताच्या एकाच फिरण्यातून येतात. त्यामुळे जोर वाढविला, तरी दोन्ही गती एकाच प्रमाणात वाढतात आणि एका फेऱ्यास लागणारे अंतर जवळजवळ तेच राहते. मनगटाला झटका दिल्यास हे प्रमाण बिघडते. सुरी नेमकी रुतणे हे म्हणूनच बळापेक्षा अंतराच्या मोजणीवर अवलंबून असते.

शिक्षण : सर्वसाधारणपणे पात्याकडून धरून अर्ध्या फेऱ्याची फेक सु. २ मी. वरून, तर मुठीकडून धरून पूर्ण फेऱ्याची फेक सु. ३ ते ४ मी. वरून करतात. योग्य अंतर व्यक्तिपरत्वे बदलते. ते शोधून जमिनीवर खूण करून ठेवतात. सुरी हातोडीप्रमाणे पण घट्ट न आवळता धरावी, हात खांद्यावरून सरळ पुढे आणावा आणि सुरी आपोआप निसटू द्यावी. मूठ वर उचललेली राहून टोक लागले, तर सुरी जास्त फिरली असे समजून किंचित पुढे सरकावे; मूठ खाली झुकलेली असेल, तर थोडे मागे जावे. फेक बदलण्याऐवजी अंतर बदलणे हे या शिक्षणाचे मूलतत्त्व होय. सर्कशीतील कसबी माणसाचे कौशल्यही याच एकसारखेपणात असते.

दक्षता : लक्ष्यासाठी सावर, पांगारा यांसारख्या मऊ लाकडाचा ओंडक्याचा आडवा काप घेतात, तंतूंची टोके समोर असल्याने सुरी त्यांमध्ये शिरते व लाकूड कमी फुटते. न रुतलेली सुरी जोराने परत उसळते, म्हणून प्रेक्षकांनी फेकणाऱ्याच्या बरेच मागे उभे राहावे आणि सर्व सुऱ्या फेकून होईपर्यंत कोणीही लक्ष्याकडे जाऊ नये. प्रत्येक फेकीनंतर कडांवर उठलेली कोर कानशीने काढावी, नाहीतर ती बोटे कापते. मुलांना हा खेळ जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच शिकवावा.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांनुसार ९ इंचांहून (सु. २३ सेंमी.) लांब किंवा २ इंचांहून (सु. ५ सेंमी.) रुंद पात्याच्या सुऱ्या, घरगुती, शेतकी, शास्त्रीय वा औद्योगिक कामाच्या नसल्यास, शस्त्रांत मोडतात. त्यामुळे सुरी घडविण्यापूर्वी मापे ठरविताना ही मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक ठरते.