मुलांचे आवडते खेळ

घरांतील मुलें दूरस्थ सोबत्यांशीं संगणकावरील आवडत्या खेळांची चर्चा करूं लागलीं कीं वडील मंडळींच्या कपाळास आंठी पडते. आमच्या मतें खेळ आधीं पाहावा. १९८४ सालीं मॉस्को येथें अलेक्सी पाजित्नोव्ह यांनीं रचिलेला ‘टेट्रिस’ घ्या. चार चार चौकोनांच्या सात प्रकारच्या आकृति एकेक करून वरून उतरतात. आडवी ओळ पुरी भरली कीं ती नाहींशी होते, चूक मात्र ढिगांत राहते! जाहिरातीवांचून, मित्रानें मित्रास नक्कल देऊनच, तो प्रथम पसरला. आमच्या घरीं नात टेट्रिसच्या पक्षाची, नातू बंदुकीच्या खेळांचा. आम्हीं मत नातीस दिलें. त्यावर नातू म्हणाला, “आजोबा, तुमच्या बुद्धिबळांत तरी सैन्यच मरतें ना?” उत्तर अद्याप द्यावयाचें आहे.