सहज बोलण्यातील वंशभेद आणि पिढ्यांचे आत्मभान

भारतात जातिभेद आहे, वंशभेद मात्र पाश्चात्त्यांचा प्रश्न आहे, असा समज सुशिक्षित वर्गातही आढळतो. चेहऱ्यावरून वा रंगावरून मारलेली हाक विचारात घेतल्यास हा समज टिकत नाही.

ज्येष्ठ पिढीने ‘काळू’, ‘चिंकी’ यांसारखी संबोधने बहुधा सलगीची मानली. हेतू वाईट नसेल तर शब्दही वाईट नाही, असा तिचा युक्तिवाद असतो. तरुण पिढी ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम पाहते. मतभेदाचे मूळ या निकषभेदात आहे. तथापि वयावरून आत्मभान ठरते, असे म्हणता येत नाही. वेस्ट इंडिजचे माजी कर्णधार डॅरेन सॅमी यांना आयपीएलमध्ये ‘काळू’ म्हणणारे सहकारी तरुणच होते. या शब्दाचा अर्थ बलवान घोडा असावा, अशी सॅमी यांची समजूत होती. खरा अर्थ कळल्यावर जून 2020 मध्ये त्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पुढे एका सहकाऱ्याशी बोलणे झाल्यावर तो शब्द प्रेमाने वापरला होता, हेही त्यांनी मान्य केले. हेतू निर्मळ असूनही अपमान घडतो, तो असा.

त्याच वर्षी अमेरिकेतील जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूचा भारतीय तरुणांनी समाजमाध्यमांवर निषेध केला. त्यापूर्वी दोनच महिने, मार्चमध्ये, ईशान्य भारतीयांना ‘कोरोना’ म्हणून हिणवले जात असल्याने गृह मंत्रालयाला राज्यांना सूचना द्याव्या लागल्या होत्या. दूरचा वंशभेद ओळखणे तुलनेने सोपे असते!

सहज केलेली टिंगल कोठवर जाते, हे जानेवारी 2014 मध्ये दिसले. दिल्लीच्या लाजपत नगरात अरुणाचल प्रदेशातील विद्यार्थी निडो तानिया याच्या केसांवरून थट्टा झाली, वाद वाढला आणि मारहाणीनंतर त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने कायद्यातील बदलांबरोबरच अभ्यासक्रमात ईशान्य भारताचा समावेश सुचविला.

महाविद्यालयांत मात्र असे विद्यार्थी टोपणनावावर स्वतःच हसताना दिसतात आणि ते हसणे संमती समजले जाते. वस्तुतः वर्गात एकटे असलेल्यास दुसरा पर्याय नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मधील दुरुस्तीद्वारे वर्ण, वंश व प्रादेशिक मूळ यांवरून दिलेला त्रास रॅगिंगच्या व्याख्येत आणला. ती व्याख्या विद्यार्थ्यांच्या वर्तनापुरती आहे. हजेरी घेताना अपरिचित नावावर प्राध्यापकाने केलेला विनोद तीत बसत नाही.