पान्यांच्या खणातली मॅट आणि मावळचा पाऊस

खण ओढला की पाने एका कोपऱ्यात घरंगळतात आणि गोट्या मागच्या फटीत जाऊन बसतात. म्हणून खाली मॅट घालायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत असतं. वाद सुरू होतो तो कोणती मॅट घालायची यावरून. दुकानदार पकडीबद्दल बोलतो, पाकिटावरही पकडीचंच कौतुक छापलेलं असतं. पण लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जुलैत ढग शटरच्या आत येऊन बसतो. तळेगावकडे जावं तसा पाऊस झपाट्याने कमी होतो, पण दमट हवा काही पाठ सोडत नाही. त्यामुळे मावळात मॅट घेताना पकड दुय्यम. आधी विचारायचं ते हे की ही मॅट पाण्याचं काय करते.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे मॅट घातली की गंज लागत नाही. गंजाला पाण्याचा थेंब लागतोच असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर धरतो, आणि गंजाला तेवढा पुरतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे त्याहून ओली असते. त्यात रात्रभर गार पडलेल्या पान्यांवर सकाळी खण उघडल्यावर बाहेरची उबदार दमट हवा येते आणि पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसं दव धरतं. पान्याची वरची बाजू वाऱ्याने सुकते. मॅटला टेकलेली बाजू सुकत नाही. म्हणूनच वरून चकचकीत दिसणारा पाना उलटा केला की खाली तांबूस पट्टा सापडतो. क्रोमचा मुलामा आहे म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. तो पातळ असतो, जबड्याशी आणि ओरखड्यांवर तो आधी जातो, आणि गंज तिथूनच आत शिरतो. गंज थांबतो तो वापरानंतर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवल्याने. मॅटकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, की तिने पाणी धरून ठेवू नये.

‘जाड आणि मऊ तेवढी चांगली’ हा गैरसमज याच कारणाने महागात पडतो. गादीचा किंवा पॅकिंगचा स्पंज हाताला छान लागतो, पण त्याची छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे तो पाणी आणि तेल दोन्ही पितो. ईव्हीए फोममध्ये बुडबुडे एकेकटे बंद असतात, त्यात पाणी शिरत नाही. ओळखायला सोपं आहे. तुकडा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचा, रात्रभर पाण्यात दाबून ठेवायचा, सकाळी पुसून पुन्हा तोलायचा. वजन चांगलंच वाढलं तर ती मॅट आपल्याकडची नव्हे. जाडी दोन-तीन मिलिमीटर पुरे. त्याहून जाड घातली तर उथळ खणात मोठा रॅचेट वरच्या पत्र्याला घासतो.

रबर म्हणजे सगळं एकच, असंही धरून चालतात. टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खणात घालण्याची पद्धत त्यातूनच आली. फुकटचं म्हणून ठीक, पण ट्यूबचं रबर इंजिन ऑइलने फुगतं आणि चिकट होतं. तेलकट हत्यारांना नायट्राइल रबर बरं. ब्रेक ऑइलचा हिशोब मात्र उलटा. ते ग्लायकोलचं असल्यामुळे त्यात नायट्राइल फुगतं आणि ईपीडीएम जातीचं रबर टिकतं. म्हणजे ब्रेकच्या कामाची हत्यारं आधी पुसूनच आत जायला हवीत. शंका असेल तर तुकड्याची लांबी मोजून दोन दिवस तेलात ठेवावा आणि पुन्हा मोजावा.

स्वयंपाकघरातल्या जाळीच्या मॅटला मेकॅनिक नाकं मुरडतात. मला ते तितकंसं पटत नाही. जाळीमुळे पान्याखाली थोडी हवा खेळते, आणि ती स्वस्त आहे. पेचकसांच्या खणात ती चालते. छिन्नी-कानशीच्या खणात मात्र फाटते, आणि वॉशर तिच्यात अडकून बसतात.

वर्तमानपत्राचं काय? कागद ओलावा ओढतो, महिनाभरात तो लगद्यासारखा होतो. खतांच्या गोण्यांचे तुकडे त्याहून वाईट. मावळात इंद्रायणी भाताच्या शेतीमुळे घरोघरी अशा गोण्या पडलेल्या असतात. पण पोटॅश म्हणून जे खत मिळतं ते बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं. क्लोराइड म्हटल्यावर ते लोखंडाला मिठासारखंच, आणि गोणीच्या विणीत राहिलेले दोन-चार दाणेसुद्धा पुरतात.

मॅट डिंकाने चिकटवली की कायमचं काम झालं, असं वाटतं. खरं तर तिथून कायमची अडचण सुरू होते. कडेने आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही आणि खणाचा पत्राच सडतो. खणाच्या मापाची कापून नुसती अंथरलेली मॅट हत्यारांच्या वजनानेच जागेवर राहते.

कारखान्यांत दोन रंगांच्या फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराचे खाचे कापलेले दिसतात. ते पाहून घरी तसाच फोम घ्यावासा वाटतो. तो फोम मुळात हिशोबासाठी असतो. एखादा पाना कमी असला की खालचा रंग लगेच डोळ्यात भरतो. ओलं हत्यार ठेवलं तर मात्र तोच खाचा बशीसारखं पाणी धरतो.

गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद मॅटच्या वर ठेवला तर फायदा होतो, पण तो बंद जागेतच काम करतो. दिवसातून वीस वेळा उघडणाऱ्या खणात त्याची वाफ उडून जाते. तो ठेवायचा तो वर्षातून दोनदा लागणाऱ्या पुलर-टॅपच्या खणात. रोजच्या खणाला जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी मॅट उचलून खालचा पत्रा पुसायचा, आणि मॅट पालथी करून पुन्हा अंथरायची.