अतिदक्षता विभाग आणि आपले समज

जिंतुरातील एखाद्या मुलाने, डॉक्टर होऊन पुढे अतिदक्षता-तज्ज्ञ व्हावयाचे आहे, असे घरी सांगितले, तर वडीलधाऱ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला असतो: व्हेंटिलेटरवर गेलेला माणूस परत येत नाही, मग त्या यंत्रापाशी उभे राहून करावयाचे काय?

हा समज मण्यारीपुरता तरी साफ खोटा आहे. पावसाळ्यात रात्री जमिनीवर निजलेल्या माणसाला मण्यार चावते, दंश पुष्कळदा जाणवतही नाही, आणि पहाटे पापण्या मिटू लागून हळूहळू श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. अशा रुग्णाला, बोट हलविण्याचीही शक्ती नसता, भोवतालचे बोलणे ऐकू येत असू शकते, आणि प्रतिविषाच्या जोडीला काही दिवस यंत्राने श्वास पुरविला, तर नळी निघाल्यावर तो आपल्या पायांनी घरी जाऊ शकतो. म्हणूनच त्याच्या उशाशी 'आता काही उरलं नाही' अशी कुजबुज करणाऱ्या आप्तांना जाणता डॉक्टर आधी बाहेर काढतो. यंत्र रोग बरा करीत नाही, मुदत वाढवून देते.

दुसरा समज असा की, ही विद्या यंत्रांची आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने, गळ्याला छेद देऊन बसविलेल्या नळीतून, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रबरी पिशवी हाताने दाबीत रुग्ण जगविले, आणि तेथेच या शाखेचा पाया घातला गेला. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तर रायगड जिल्ह्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांपाशी बसून त्यांच्या प्रकृतीची बारकाईने नोंद ठेवली, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध या दंशावर लागू पडते हे दाखविले. पदवीने ते अतिदक्षता-तज्ज्ञ नव्हेत. परंतु त्या विद्येचे मर्म याहून निराळे नाही, असे माझे मत आहे.

एमबीबीएस झाले की भागते, हा तिसरा समज. त्या साडेपाच वर्षांनंतर भूलशास्त्र, मेडिसिन किंवा छातीचे विकार अशा विषयात ३ वर्षांची एमडी, मग नीट-एसएस देऊन ३ वर्षांची डीएम, असा एकूण साडेअकरा वर्षांचा हिशेब आहे. त्यात रात्रपाळ्या आल्याच, आणि शेत गहाण टाकून आलेल्या बापाला, आता उपचाराचा उपयोग नाही, हे स्पष्ट सांगणेही आले. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने यांतील पहिली साडेपाच वर्षे जिल्ह्यातच काढण्याची सोय मात्र आता झाली आहे.