बीएच्या मुली आपल्या गटात आल्या तर…

आम्ही टेमघरहून बोलतोय.

"बीए करून काय येतं? नुसती पुस्तकं वाचायची," असं आपण मुलींना सहज बोलून जातो. सायन्सवाल्यांना प्रयोगशाळा असते. पण समाजशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल शिकणाऱ्या मुलीची प्रयोगशाळा म्हणजे आपली गल्ली आणि आपला बचत गट.

राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एनएसएस, १९६९ पासून आहे. तिच्यात वर्षाला १२० तासांचं काम असतं आणि सात दिवसांचं शिबिरही. आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समाजात जाऊन केलेलं कामही धरतात. एका श्रेयांकासाठी साधारण ३० तास द्यावे लागतात.

म्हणजे करायचं काय? पाण्याचंच बघा. शहाडला उल्हास नदीतून उचललेलं पाणी आपल्या टेमघरच्या केंद्रात शुद्ध होतं आणि पुढे शहरांना जातं. मग आपल्या गल्लीत नळ किती वाजता येतो? पाणी कोण भरतं? त्यापायी कोणाची मजुरी बुडते, कोणत्या मुलीची शाळा चुकते? वीस घरांत आठवडाभर रोज हे लिहून काढलं, की तो अभ्यास होतो. तोच कागद अर्जाला जोडला, की आपल्या बोलण्याला वजन येतं.

पण एक सांगतो. मागे आमच्याकडे काही मुली आल्या. कमाई किती, कर्ज किती, सगळं विचारून फॉर्म भरून घेतले आणि गेल्या. त्यातून काय निघालं, ते आम्हाला आजवर कळलं नाही. बायकांना वाईट वाटलं. तेव्हापासून आम्ही आधीच चार गोष्टी ठरवून घेतो. कॉलेजचं पत्र आणावं. बाईने हो म्हटलं तरच विचारावं. पासबुकाचे, आधारचे फोटो काढू नयेत. आणि जे निघेल ते गटाच्या बैठकीत येऊन मराठीत वाचून दाखवावं.

चूक असेल तर बायका तिथेच सांगतात, "अगं, असं नाही!" मुलीचं खरं शिक्षण तिथेच होतं.

तुमच्या घरातली मुलगी, सून बीए करत असेल, तर आज तिला विचारा, "तुझा प्रकल्प कशावर आहे?" ठरला नसेल, तर तिच्या मॅडमना विचारून तिला आपल्या गटात आणा.